‘पुनरावृत्ती’ लिहिताना या चुका टाळा

नाशिकमध्ये सिंहस्थाची तयारी सुरू झाली की निवेदने, सूचनाफलक आणि बातम्या यांतून ‘पुनरावृत्ती’ हा शब्द वरचेवर दिसू लागतो आणि बऱ्याचदा तो नको त्या जागी बसवलेला असतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘पुन्हा’ या साध्या शब्दाऐवजी भारदस्त वाटतो म्हणून तो वापरणे. ‘दर १२ वर्षांनी सिंहस्थाची पुनरावृत्ती होते’ हे वाक्य व्याकरणात बसते, पण कानाला खटकते. तेथे साधे क्रियापद पुरते: गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ ‘येतो’, कुंभमेळा ‘भरतो’. याउलट ‘२००३ सालच्या चेंगराचेंगरीची पुनरावृत्ती होऊ नये’ हे वाक्य अचूक आहे, कारण एकदा घडलेलीच गोष्ट त्याच प्रकारे घडणे हा अर्थ तेथे अभिप्रेत आहे, आणि प्रचलित मराठीत हा शब्द बहुधा टाळण्यासारख्या गोष्टींसाठीच येतो. मात्र ‘पुनरावृत्ती पुन्हा होऊ नये’ असे लिहू नये. ‘पुन्हा’चा अर्थ ‘पुनर्’मध्ये आलेलाच आहे.

अशा शाब्दिक दुहेरीपणाला पुनरुक्ती म्हणतात. भाषणात तोच मुद्दा दोनदा आला तर पुनरुक्ती, तीच घटना दोनदा घडली तर पुनरावृत्ती. पुस्तक जसेच्या तसे पुन्हा छापले तर ते पुनर्मुद्रण.

मराठीत ‘पुनरावृत्ती’ची शेवटची वेलांटी दीर्घच हवी, ‘पुनरावृत्ति’ हे संस्कृत व हिंदी वळण झाले. जोडशब्दांत अधिक गोंधळ होतो. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन असेल तर ‘पुनर्’ टिकते, जसे पुनरागमन, पुनर्वसन, पुनर्जन्म. पुढे क, प, स यांसारखे कठोर व्यंजन असेल तर विसर्ग येतो. त्यामुळे ‘पुनर्स्थापना’, ‘पुनर्प्रक्षेपण’ ही रूपे सर्रास दिसत असली, तरी पुनःस्थापना, पुनःप्रक्षेपण असेच लिहावे. विसर्ग जड वाटत असेल तर आपला ‘फेर’ आहेच: फेरपरीक्षा, फेरतपासणी, फेरविचार. हे शब्द मला अधिक जवळचे वाटतात.

‘परत’ मात्र जपून वापरावे. बोलताना ‘परत सांग’ म्हणजे ‘पुन्हा सांग’ हे सहज कळते, पण सूचनाफलकावर ‘अर्ज परत करावा’ असे लिहिले, तर अर्ज माघारी द्यायचा की नव्याने करायचा, हे वाचणाऱ्याला उमगत नाही. तेथे ‘अर्ज पुन्हा भरावा’ किंवा ‘भरलेला अर्ज कार्यालयात आणून द्यावा’ असे स्पष्ट लिहावे.