लिफ्ट केलेल्या जिप्सीची स्टिअरिंग लिंकेज कशी सुधारावी

गाडी दोन-तीन इंच उचलली, मोठे टायर चढवले आणि पहिल्याच खड्ड्यात स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढलं गेलं, की बहुतेक जण सरळ जाड टाय रॉड (पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा) विकत आणतात. रॉड दिसतो दणकट, पण हिसका तसाच राहतो. कारण बिघाड रॉडच्या जाडीत नसतो, ड्रॅग लिंकच्या, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, कोनात असतो. आधी कोन, मग जाडी, हा क्रम पाळला तर निम्मा खर्च वाचतो.

इथली माहिती पुढे अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहे: मारुती जिप्सी आणि थोड्या फरकाने २०२३ पासून आपल्याकडे मिळणारी जिम्नी. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे तिला यातलं फारसं लागू होत नाही. बेल क्रँक असलेल्या जुन्या जीपची जोडणीही वेगळी.

कोनाने नेमकं काय बिघडतं? ड्रॅग लिंक ८०० मिमी लांब आणि जवळजवळ आडवी आहे असं धरा. चाक ५० मिमी वर-खाली झालं तर तिचं नकलकडचं (नकल म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा) टोक आडव्या दिशेत दीड मिमीच्या आसपास सरकतं. ते जाणवतही नाही. आता लिफ्टमुळे तिच्या दोन टोकांत १०० मिमीचा उतार पडला आणि चाक आणखी ५० मिमी खाली गेलं, तर तेच टोक जवळजवळ ८ मिमी सरकतं. नकलचा आर्म १५० मिमीचा असेल तर चाक ३ अंश वळलं, आणि ड्रायव्हरने स्टिअरिंगला हातही लावलेला नाही. यालाच बंप स्टिअर म्हणतात. टाय रॉड दुप्पट जाड केला तरी या हिशोबात काडीचा फरक पडत नाही.

आधी तपासणी

खर्चाआधी खेळ कुठे आहे ते शोधा. गाडी जमिनीवर उभी, एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका बॉल जॉइंटवर हात ठेवायचा. सैल जॉइंट बोटांना कळतो, डोळ्यांना नेहमी दिसेलच असं नाही. मग पुढचा ॲक्सल उचलून चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन बेअरिंग (नकल ज्या खुंट्यांवर वळतं त्यांचं). आडवं धरून हलवा: टाय रॉड एंड. किंगपिन सैल असताना नवी लिंकेज बसवणं म्हणजे नवा कुलूपकोंडा कुजलेल्या चौकटीला ठोकणं.

यानंतर मापं. सपाट फरशी, चारही टायरमध्ये योग्य हवा, चाकं सरळ. ड्रॅग लिंकची सेंटर टू सेंटर लांबी, दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन), हे आकडे कागदावर लिहून ठेवा. ज्या गाडीत शॅकल (कमानीचं टोक फ्रेमला जोडणारी झुलती पट्टी) पुढच्या टोकाला असतो तिथे लांब शॅकल टाकून लिफ्ट केली की कॅस्टर घटतो. मग वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नाही आणि गाडी रस्त्यावर भरकटते. हा दोष लिंकेजने सुधारत नाही. त्यासाठी कमानी आणि ॲक्सलच्या मध्ये स्टीलची कोनाची पाचर लागते. ॲल्युमिनियमच्या पाचरा दाबाने चेपतात, त्या घेऊ नका.

कोणता भाग बदलायचा

लिफ्ट दोन इंचांच्या आत असेल तर ड्रॉप पिटमॅन आर्म (स्टिअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर बसणारा, खाली झुकलेला आर्म) बहुधा पुरतो. तो लिंकेचं वरचं टोक खाली आणतो. फक्त स्टिअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर ताण वाढतो, त्यामुळे बॉक्सचे फ्रेमवरचे बोल्ट आणि तिथल्या फ्रेमला भेगा आहेत का ते आधी बघा. कंपनीचा आर्म गॅसवर लाल करून वाकवून देणारे मिस्त्री सापडतात. तो आर्म फोर्जिंगचा असतो. तापवला की त्याची कठीणता जाते आणि तो तुटतो तेव्हा अगोदर इशारा देत नाही. या एका बाबतीत उधारीचं शहाणपण अजिबात नको.

जिम्नीत ड्रॅग लिंकसोबत पॅनहार्ड रॉडही (ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून फ्रेमला जोडणारा दांडा) असतो. हे दोन्ही एकमेकांना समांतर आणि शक्यतो सारख्या लांबीचे हवेत. नुसता पिटमॅन आर्म खाली आणला आणि पॅनहार्ड होता तिथेच राहिला, तर बंप स्टिअर कमी होण्याऐवजी वाढतो.

लिफ्ट त्याहून जास्त असेल तर नकलवर हाय-स्टिअर आर्म टाकून लिंकेचं खालचं टोक वर आणणं बरं. स्टड मात्र मूळ दर्जाचे किंवा वरचे हवेत.

टाय रॉडला जाडी कधी? खडकावर आपटून वाकत असेल तेव्हा. साधारण ३२ मिमी बाहेरचा व्यास आणि ८ मिमी जाडीचा सीडीएस (थंड ओढलेला, बिनजोड) पाइप पुरतो. बाजारातला वेल्डिंगचा जोड असलेला पाइप नको. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे जाताना जुना टाय रॉड एंड सोबत न्या, आट्यांची पिच गेजने मोजून घ्या आणि एका टोकाला उलटे आटे कापायला सांगा. दोन्ही टोकांना सुलटे आटे कापले तर रॉड फिरवून लांबी बदलता येत नाही. एंड पाइपात निदान व्यासाच्या दीडपट जायला हवा: १८ मिमीच्या आट्यांना २७ मिमी.

टेपर, म्हणजे सगळ्यात दुर्लक्षित भाग

टाय रॉड नकलच्या खालून काढून वर बसवायचा मोह होतो, जमिनीपासून उंची मिळते म्हणून. पण नकलचं भोक निमुळतं असतं आणि एका बाजूनेच जुळतं. सरळ ड्रिल मारून बोल्ट घालणं जीवघेणं आहे. योग्य टेपरचं रीमर आणि टेपर बुश लागतं. पकड नीट आहे का हे पाहण्यासाठी पिनेच्या निमुळत्या भागावर मार्करने उभ्या रेघा ओढा, पिन भोकात हाताने दाबून थोडी फिरवा आणि बाहेर काढा. रेघा खालपासून वरपर्यंत पुसल्या असतील तर ठीक. फक्त एका टोकाला पुसल्या असतील तर टेपर जुळत नाही, आणि तो नट कितीही आवळला तरी सैल होणारच.

काढणं-बसवणं

हँडब्रेक, मागच्या चाकांना अडसर, ॲक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही. स्प्लिट पिन काढा, कॅसल नट काढू नका, फक्त सैल करा. पुलर लावा आणि नकलच्या डोळ्याला बाजूने हातोड्याचा ठोका द्या, टेपर सुटतो. काट्याच्या हत्याराने रबरी बूट फाटतो, एंड पुन्हा वापरायचा असेल तर ते नको.

नवा रॉड बसवताना दोन्ही एंड एकाच पातळीत ठेवा, नाहीतर रॉडला गोल फिरायला वाव उरत नाही आणि बूट पिळतो. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळायचा, मागे फिरवायचा नाही.

आता स्टिअरिंग बॉक्स मध्यावर आणा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून बरोबर अर्ध्यावर. मग चाकं सरळ करून ड्रॅग लिंकची लांबी जुळवा. स्टिअरिंग चाक वाकडं दिसतं म्हणून ते काढून शाफ्टच्या दात्यांवर (स्प्लाइनवर) सरळ बसवणं ही फसवणूक आहे. बॉक्स मध्यावरून ढळलेलाच राहतो आणि सरळ चालताना खेळ जाणवतो.

टो-इनसाठी (चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) दोन्ही पुढच्या टायरवर खडूची खूण करून पुढे मोजा, गाडी अर्धा फेरा ढकला, त्याच खुणा मागे मोजा. पुढचं माप २ ते ४ मिमी कमी असावं. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. रॉडची लांबी पक्की करणारे जॅम नट शेवटी आवळा.

मग एक चाक पूर्ण लटकवून, दुसरं पूर्ण दाबून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. रॉड कमानीला, टायरला, डिफरेन्शियलला किंवा ब्रेक होजला कुठेही लागता कामा नये. १० मिमीची जागा हवी. बॉल जॉइंट शेवटच्या कोनात अडत असेल तर तो खडकावर मोडेल.

चाचणी मोकळ्या खासगी मैदानात २० आणि ४० च्या वेगाने, ब्रेक मारत घ्या. ‘समृद्धीवर नेऊन बघू’ म्हणू नका. ५० किमीनंतर सगळे नट पुन्हा तपासा, ५०० नंतर पुन्हा एकदा. चाकं थडथडत असतील तर डँपर लावून थरथर लपवू नका. बॅलन्सिंग, किंगपिन आणि कॅस्टर पुन्हा बघा.

कागदपत्रांचं सांगायचं तर, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल मूळ रचना बदलण्याच्या विरोधात आहेत. पाटी एमएच ३१ ची असो वा ४० ची, रस्त्यावर आणण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.

उमरेड, कुही भागातल्या काळ्या मातीतून आल्यावर जॉइंट त्याच दिवशी धुवा. ही माती वाळली की दगडासारखी होते आणि वळताना बूट कापते. बूट फाटलेला दिसला तर एंडच बदला. नुसता नवा बूट चढवून आत गेलेली माती बाहेर येत नाही.