डिझाइनमध्ये मास्टर्स? आधी वही घेऊन आठ दिवस फिरा

इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर उरकलेली नाशिकची मुलं डिझाइनचं विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आयआयटी की एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था)?’ तो तूर्तास बाजूला ठेवा.

आधी वही घ्या. सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपात ऑपरेटर तासाभरात किती वेळा वाकतो, टिपा. सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, नवख्या माणसाला आपली बस सापडेपर्यंत कितीजणांना विचारावं लागतं, मोजा. येवल्याला जाऊन मागावर बसा. पैठणीच्या पदरावरचा एक मोर विणताना रंगारंगाच्या किती कांड्या हाताखालून जातात, ते चितारा. आठ दिवसांनी वही चाळा. कोणत्या पानावर जीव रमला? वाकणारी पाठ सुटत नसेल तर इंडस्ट्रियल डिझाइन, बस असेल तर कम्युनिकेशन (माहिती नीट पोचवणं) किंवा इंटरॅक्शन (माणूस वस्तू-ॲप कसं वापरतो ते), मोर असेल तर टेक्स्टाइल.

आता कॉलेजं बघा. पवईच्या आयआयटी मुंबईचं आयडीसी, म्हणजे तिथलं डिझाइन स्कूल, 1969 पासूनचं, एम.डेस. (डिझाइनमधलं मास्टर्स) दोन वर्षांचं, पण तिथे टेक्स्टाइल नाही. म्हणजे मोरवाल्यांनी पवईचा हट्ट सोडलेला बरा. एनआयडीत ते अहमदाबादला आहे, खेळण्यांचं डिझाइन गांधीनगरला, इंटरॅक्शन बेंगळुरूला; मुदत अडीच वर्षं. ते अर्धं वर्ष खर्चात धरायला विसरू नका.

परीक्षाही वेगळ्या. आयआयटींसाठी सीड (CEED) ही प्रवेशपरीक्षा, जानेवारीत. वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते, गुण मात्र एकच वर्ष चालतात. अंतिम गुणांत पहिल्या भागाला 25 टक्के, हाताने रेखाटायच्या दुसऱ्या भागाला 75. त्यामुळे क्लासवाले नुसते एमसीक्यू घोटून घेत असतील, तर फी भरण्याआधी विचार करा. एनआयडीची प्रवेशपरीक्षा डॅट (DAT) स्वतंत्र असते.

फॉर्म भरण्याआधी एकदा कॅम्पस बघून या. पवईसाठी नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली, तर रात्री घरी. तिथल्या मुलांना प्लेसमेंटचं नंतर विचारा. आधी विचारा, वर्कशॉप रात्री उघडं असतं का, आणि गेल्या प्रोजेक्टमध्ये काय फसलं.

मुलाखतीला न्यायच्या पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या कामाच्या संग्रहात, ती वहीही ठेवा. मी माझ्या मुलाखतीला चकचकीत पोस्टर नेले होते. समोरच्यांनी ते भराभर उलटले आणि मागच्या पानावरच्या खाडाखोड केलेल्या स्केचवर वीस मिनिटं प्रश्न विचारले.