डॉपलरने एबीआय काढताना हात कुठे चुकतो

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळी होते, अशी तक्रार आली की आधी एबीआय (अँकल-ब्रेकियल इंडेक्स) काढावा: घोट्यातला सिस्टॉलिक (वरचा) रक्तदाब भागिले दंडातला. हातात धरायचा डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, ८ मेगाहर्ट्झचा प्रोब), बीपीचा कफ आणि सोनोग्राफीचं जेल एवढ्यावर काम होतं. ईसीजीची पेस्ट नको, तिच्यातल्या क्षारांनी प्रोब खराब होतो. स्वयंचलित बीपी मशीनही नको. पायातला दाब फार कमी असला की ते फसतं, आणि आपण शोधत असतो तो रुग्ण नेमका तोच.

रुग्णाला उताणा, सपाट झोपवा आणि १० मिनिटं पडून राहू द्या. बसवून मोजलंत तर घोटा हृदयाच्या खाली जातो आणि दर १० सेंमीला ७-८ मिमी (पाऱ्याचा) दाब फुकट वाढतो. आधीचे २ तास विडी-सिगारेट बंद. कफच्या फुग्याची रुंदी दंडाच्या किंवा पायाच्या घेराच्या किमान ४० टक्के हवी. पायावर त्याची खालची कड आतल्या घोट्याच्या हाडापासून २ सेंमी वर ठेवा.

आता प्रोब. एक धमनी आतल्या घोट्याच्या मागे सापडते (पोस्टेरियर टिबियल), दुसरी पावलाच्या वरच्या बाजूला (डॉर्सालिस पेडिस). "काका, अंगठा वर उचला" म्हटलं की कंडरा उठून दिसते. तिच्या लगेच बाहेरच्या अंगाला शोधा. काहींना ही दुसरी धमनी जन्मतःच नसते, म्हणून तेवढ्यावरून घाबरू नका. प्रोब ४५ ते ६० अंशांत तिरका धरा. इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे दाबणं. अशक्त धमनी प्रोबच्या भारानेच मिटते आणि कागदावर 'प्रवाह नाही' असं चढतं. जेलचा जाड थर द्या, आपलं मनगट रुग्णाच्या पावलावर टेकवा आणि प्रोब जेलवर तरंगता ठेवा.

आवाज गेल्यावर आणखी २० मिमीपर्यंत हवा भरा, मग सेकंदाला २-३ मिमी वेगाने सोडा. पहिला 'हुश्श' आला तो आकडा. दोन्ही दंडांवरही डॉपलरच वापरा, स्टेथोस्कोप नको.

समजा उजवा दंड १३८, डावा १४६. उजव्या पायातल्या दोन धमन्यांत ९२ आणि ८४. त्या पायातला मोठा आकडा भागिले दोन दंडांतला मोठा: ९२ ÷ १४६ = ०.६३. ०.९० किंवा कमी म्हणजे पायाच्या धमन्यांचा आजार. ०.९१ ते ०.९९ काठावर, १.०० ते १.४० ठीक. लक्षणं पक्की पण आकडा ठीक असेल, तर चालवून पुन्हा मोजा. घोट्यातला दाब ३० मिमीहून जास्त उतरला तर आजार धरा.

१.४० च्या वर गेला तर खूश होऊ नका. जुना मधुमेह किंवा किडनीचा आजार असला की धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, कफने ती मिटतच नाही आणि आकडा खोटा फुगतो. अशा पायात अंगठ्यातला दाब मोजा: तो दंडातल्या दाबाच्या ०.७० पट किंवा त्याहून कमी असेल तर बिघाड. अंगठ्यातला दाब ३० मिमीच्या खाली असेल तर जखम भरण्याची आशा कमी, रुग्ण लगेच व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे.

बायपास झालेल्या पायात ग्राफ्ट (बायपाससाठी जोडलेली नळी) घोट्यापर्यंत उतरला असेल तर त्यावर कफ आवळू नका. नसेल तर दर भेटीत मोजा, आधीपेक्षा ०.१५ हून जास्त घट आली की ड्युप्लेक्स (रक्तप्रवाहही दाखवणारी) सोनोग्राफी करा. पाय उघडा आहेच, तर जांघेतला शस्त्रक्रियेचा व्रणही बघा. कृत्रिम ग्राफ्टचा संसर्ग शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही डोकं काढतो, तोही तापाशिवाय: बारीक भोक, त्यातून झिरपणारा स्राव, धडधडणारी गाठ. भोकात काही घालून खोली तपासू नका, आणि रुग्ण स्थिर असेल तर कल्चर (जंतूंची तपासणी) घेण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नका; सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करवून घ्या. व्रणातून चमचाभर रक्त येऊन आपोआप थांबलं असेल, तर ग्राफ्ट आणि धमनीचा जोड सुटायला लागल्याची ती खूण समजा आणि रुग्णाला घरी न सोडता थेट ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा.