बंडावरच्या मालिकेचा शेवटचा एपिसोड कसा लिहायचा (वासुदेव बळवंतांचं उदाहरण घेऊन)

ऐतिहासिक बंडावर मालिका किंवा वेबसिरीज लिहायला घेतली की पहिले चार-पाच एपिसोड भराभर सुचतात. अन्याय, संताप, माणसं जमणं, पहिला हल्ला, सगळं ओघात येतं. अडतं ते शेवटच्या एपिसोडला, कारण बंड मोडलं हे बघणाऱ्याला शाळेतल्या पुस्तकापासून माहीत असतं. "जिंकणार का?" या प्रश्नावर तिथे काही उभं राहत नाही, तरी बहुतेक जण तेच करायला जातात, मग शेवटची झुंज, स्लो मोशन, छातीवर हात ठेवून लांबलचक भाषण, झेंडा आणि संपलं. शेवटच्या एपिसोडचा प्रश्नच बदला. हा माणूस हरला तेव्हा मागे काय उरलं आणि ते कुणी उचललं, हा प्रश्न घ्या, मग शेवट आधीच माहीत असलेला माणूससुद्धा जागचा हलणार नाही.

उदाहरण म्हणून १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड करणारे वासुदेव बळवंत फडके घेऊया, कारण त्यांच्या गोष्टीचा शेवट लिहिणाऱ्याला खरोखर घाम फोडणारा आहे.

पहिलं काम, तारखा कागदावर मांडा. फेब्रुवारी १८७९ ला शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा. मे महिन्यात कोकणातून लूट घेऊन परतताना दौलतराव नाईक मारले गेले, म्हणजे फडक्यांचा उजवा हातच गेला. २० जुलै १८७९ ला विजापूरकडच्या देवर नावदगीत इंग्रज अधिकारी मेजर डॅनियलने तापाने फणफणलेल्या फडक्यांना पकडलं. आणि मृत्यू १७ फेब्रुवारी १८८३ ला, एडनच्या तुरुंगात. बघा, बंड चाललं जेमतेम पाच महिने आणि पकडल्यापासून मरेपर्यंत साडेतीन वर्षं! पकडलं जाणं हा क्लायमॅक्स धरला तर साडेतीन वर्षं पडद्यावरच्या एका पाटीत गुंडाळावी लागतात, आणि मृत्यू धरला तर मधला सगळा काळ एका खोलीत बसून काढावा लागतो.

माझ्या मते अटक शेवटच्या एपिसोडच्या सुरुवातीला, पहिल्या दहा मिनिटांत उरकावी. खरं तर आधीच्या एपिसोडचा शेवट श्रीशैलमवर करा. दौलतराव गेल्यावर फडके तिकडे गेले, देवापुढे प्राण द्यायला निघाले असं सांगतात, आणि आत्मचरित्र तिथेच लिहिलं. एकटा माणूस, हातात लेखणी, बाहेर पाऊस, एवढ्यावर कट. मग शेवटचा भाग थेट नावदगीच्या रात्रीने उघडा.

आता तिथे एक मोह होतो. डॅनियलने छातीवर बूट ठेवला आणि फडक्यांनी त्याला तलवारीने समोरासमोर लढायचं आव्हान दिलं अशी गोष्ट सांगितली जाते. ती जरूर वापरा, पण प्रत्यक्ष घडताना दाखवू नका, कुणाच्या तरी तोंडून सांगितलेली दाखवा. पुण्याच्या पेठेत दोन माणसं कुजबुजतायत, एकजण सांगतोय, दुसरा त्यात भर घालतोय, असं केलं की दंतकथा दंतकथा म्हणूनच राहते आणि वर बंड लोकांच्या तोंडी कसं जगायला लागलं तेही दिसतं. बंडाच्या गोष्टींमध्ये अफवा हे पात्रच असतं हो, तिला चेहरा द्या.

उलट काही गोष्टी कितीही देखण्या असल्या तरी गळ्यात मारू नका. मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली, संशय फडक्यांच्या लोकांवर गेला, पण पुढे गुन्हा वेगळ्याच माणसावर शाबित झाला. कॅमेऱ्याला आग आवडते म्हणून ती हिरोच्या खात्यावर टाकायची नाही. खोट्या संशयामुळे शहर कसं घाबरलं ते दाखवा, ते जास्त खरंय आणि सीनही जास्त चांगला होतो.

मग खटला. कोर्टाचा सीन म्हटलं की आरोपी उभा राहून दहा मिनिटं देशभक्तीवर बोलणार हे ठरलेलंच. तसं करू नका, कारण इथे इतिहासाने आपल्याला त्यापेक्षा धारदार गोष्ट दिलीय. फडक्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र सरकारच्या हाती लागलं आणि तेच पुरावा म्हणून कोर्टात आलं. म्हणजे श्रीशैलमवर जो कागद लिहिताना बघितला तोच आता सरकारी वकिलाच्या हातात! तो मजकूर परक्या आवाजात, कोरड्या सुरात वाचला जाऊ द्या, आणि फडक्यांचा फक्त चेहरा. त्यात दुष्काळात मरणाऱ्या माणसांची कळकळ आहे आणि साथीदारांबद्दलची कडवट नाराजीही आहे, दोन्ही येऊ द्या. दुसऱ्या बाजूला वकील गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. हातकताईची खादी घालणारा, अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने जाणारा सार्वजनिक सभेचा माणूस एका सशस्त्र बंडखोराचं वकीलपत्र घेतो. दोघांचे मार्ग पूर्ण वेगळे, आणि तरीही. त्या दोघांना कोठडीत एक सीन द्या, त्यात वाद होऊ द्या, दोघांनाही बरोबर असू द्या.

फ्लॅशबॅक? एकही नको. आई आजारी असताना फडक्यांना लष्करी हिशेबखात्याच्या नोकरीतून वेळेवर रजा मिळाली नाही आणि घरी पोचेपर्यंत आई गेलेली होती, ही गोष्ट सगळे पहिल्या एपिसोडला वापरतात आणि मग शेवटी परत सेपिया रंगात दाखवतात. शेवटी ती परत दाखवायची गरजच नाही, कोर्टात कुणी कारकून खाली मान घालून हजेरीपटावर काहीतरी लिहितोय एवढं दिसलं तरी बघणारा जोडून घेतो. बघणाऱ्यावर एवढा विश्वास ठेवाच.

पराभवाचं कारणही एका फितुराच्या माथी मारायची आपल्याकडे फार सवय. एक काळ्या मनाचा माणूस दाखवला की बाकी सगळे सुटतात. इथे खरी कारणं साधी आणि जास्त त्रासदायक आहेत: पैसा पुरला नाही, पुण्यातले शिकलेले लोक आले नाहीत, १८७६ ते ७८ च्या दुष्काळातून आलेल्या माणसांना आधी पोट भरायचं होतं. रामोशी साथीदारांना नुसती मागे पळणारी गर्दी करून टाकू नका. रामोशांचे पुढारी उमाजी नाईक यांना १८३२ ला पुण्यात फाशी दिलं, म्हणजे या माणसांच्या बापजाद्यांनी इंग्रजांशी झुंज घेतली तेव्हा फडक्यांचा जन्मही झाला नव्हता. बंड कुणी कुणाला शिकवलं हा प्रश्न शेवटच्या एपिसोडमध्ये कुणीतरी विचारायलाच पाहिजे, आणि तो एखाद्या रामोशी बाईने विचारला तर फार बरं.

शेवटच्या भागात सुरुवातीची एखादी वस्तू परत आणायची पद्धत सगळीकडे आहे. कोरियातल्या १८९४ च्या दोंगहाक शेतकरी बंडाची गोष्ट लिहिणाऱ्याला तर ती आयती मिळते, कारण त्या कटवाल्यांनी वाडग्याच्या काठाभोवती गोल सह्या केलेलं पत्रक काढलं होतं, म्हणजे म्होरक्या कोण ते कळू नये. शेवटी बंडाचा म्होरक्या जॉन बोंग-जुन पकडला जातो तेव्हा ते वर्तुळ परत आणलं की एकाही डायलॉगशिवाय कळतं की एक नाव गेलंय, बाकीची आहेत. वस्तू अशी निवडा, जिचा शेवटी अर्थ बदलतो. तलवार, पागोटं वगैरे नुसतं जपून ठेवलेलं दाखवून काही होत नाही.

आता एडन, जिथे सगळ्यात जास्त मेहनत करायची. ते तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभाराखाली होतं, म्हणजे समुद्रापार जाऊनही माणूस त्याच सरकारच्या हातात. एका खोलीतला काळ कसा दाखवायचा? पुण्याशी आळीपाळीने कट करा. जानेवारी १८८०, फडके एडनला निघाले, त्याच महिन्यात पुण्यात चिपळूणकर आणि टिळकांची न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाली. जानेवारी १८८१, तिकडे सक्तमजुरी, इकडे केसरीचा पहिला अंक छापून निघतोय. १८८२, टिळक आणि आगरकर कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. एका कोठडीचं दार बंद होताना आवाज, दुसऱ्या कोठडीत कट. फडक्यांना यातलं काही कळतंय असं दाखवायचं नाही, पत्र नाही, निरोप नाही. ते फक्त प्रेक्षकाला कळतंय आणि त्यांना नाही, हीच खरी कळ आहे आणि ती व्हॉइसओव्हर घालून बुजवू नका.

यात पलायन येतंच. फडक्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटलं आणि पळाले, थोड्याच वेळात परत पकडले गेले. हा सीन मोठा करा, पार्श्वसंगीत काढून टाका, अनोळखी मुलुख, तहान, भाषा येत नाही, कुठे जायचं ते माहीत नाही. इथे "सुटला तर?" असं प्रेक्षकाला क्षणभर वाटलं पाहिजे, सगळं माहीत असूनसुद्धा वाटलं पाहिजे. तसं झालं तर एपिसोड जमला म्हणायचा.

मृत्यू छोटा ठेवा, तोंडी शेवटचं वाक्य घालू नका, आपल्याला ठाऊक नसलेलं त्यांच्या तोंडी घालायचा आपल्याला हक्क नाही. आणि गोपिकाबाईंना विसरू नका, नवऱ्याने ज्यांना लिहावाचायला शिकवलं त्या बाईला शेवटच्या भागात नुसतं दारात रडत उभं करणं अन्यायच. त्यांना काहीतरी वाचताना दाखवा.

शेवटच्या पाट्या दोन-तीनच. चापेकरांचं १८९७ चं नाव एका ओळीत आलं तरी चालेल, पण "यातूनच स्वातंत्र्य मिळालं" असलं काही लिहू नका. फडक्यांच्या तारखेच्या आधी दौलतराव नाईकांची पाटी येऊ द्या, त्याच आकाराच्या अक्षरात, तेवढाच वेळ पडद्यावर.