विदर्भातील पडकी मंदिरे आणि किल्ले कसे पाहावेत

पडक्या मंदिराशी पोहोचल्यावर थेट गाभाऱ्यात शिरू नये. आधी बाहेरून एक सावकाश फेरी मारावी, कारण आपल्याकडच्या अनेक जुन्या मंदिरांचे खरे वैभव बाहेरच्या भिंतींवर असते. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची मांडणी ताऱ्यासारखी असल्याने भिंतीला कोनामागून कोन पडत जातात, आणि दुपारी सपाट भासणाऱ्या तिथल्या मूर्ती सकाळच्या तिरप्या उन्हात ठसठशीत दिसू लागतात. म्हणून शक्यतो पहिल्या एसटीने निघावे.

त्यानंतर दगड पाहावा. लोणारला काळा बेसाल्ट आहे, तर गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी वसलेल्या मार्कंड्याला वालुकाश्म. नक्षीची नजाकत आणि तिची झीज या दोन्ही गोष्टी दगडाच्या जातीवर पुष्कळ अवलंबून असतात. पुढे सांधे तपासावेत. ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, त्या मंदिरांत चुना न वापरता दगड एकमेकांत बसवलेले असतात, त्यामुळे सांध्यांत चुना वा सिमेंट दिसल्यास तो भाग बहुधा नंतरच्या डागडुजीचा समजावा. गावातही फिरावे, मंदिराचे निखळलेले चिरे पुष्कळदा पाराला किंवा विहिरीच्या पायऱ्यांना लागलेले आढळतात, आणि ते कुठून आले हे म्हाताऱ्या माणसांना विचारल्यास पडलेल्या भागाचा अंदाज बांधता येतो.

किल्ल्यावर मात्र नक्षीआधी भूगोल समजून घ्यावा. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या इतर बाजूंना खोल दऱ्या आहेत, पण उत्तरेला तो पठाराशी जोडलेला असल्याने तिथे तटामागे तट उभारावा लागला, आणि डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांनी तोफांनी खिंडार पाडले तेही याच बाजूला. ही रचना ध्यानात आल्यावर दरवाजावरचे गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांच्या काल्पनिक पक्ष्याचे शिल्प, पाहावे. ते राजसत्तेचे चिन्ह त्या जागी का कोरले असेल, हे तेव्हा अधिक उमगते.

दिवाळीनंतरचे महिने सर्वांत चांगले, कारण पावसाळ्यात गवताखाली खड्डे आणि साप लपतात आणि उन्हाळ्यात दगड तापतो. मूर्तीला शेंदूर किंवा तेल लावू नये, कोरीव अक्षरांत खडू भरू नये. फोटो घ्यावा आणि वहीत जागा नोंदवावी. वावरात किंवा धुऱ्यावर मूर्ती अथवा नाणी निघाली, तर ती घरी न नेता तहसील कार्यालयात लेखी कळवावे, कारण जमिनीतून निघालेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे.