नॅक्सॉस: सकाळी समुद्र, दुपारी डोंगर

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी हा उत्तरेचा वारा सुटतो आणि दुपारी वाळू पोटऱ्यांना सुईसारखी टोचते. म्हणून ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर पोहणं सकाळीच उरकावं. आयोस प्रोकोपिओसचा किनारा त्यातल्या त्यात आडोशाचा. दुपारी रिसॉर्टच्या छत्रीशी झटापट करण्यापेक्षा बंदराजवळून बस पकडा आणि डोंगरातलं हाल्की गाव गाठा. महाळुंगाच्या पानांपासून केलेलं कित्रोन हे मद्य तिथलंच. (परतीच्या बसची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.) जेवणात इथले तळलेले बटाटे मागा, वर ग्राव्हिएरा चीज किसलेलं. बटाट्यासाठी एवढ्या लांब? हो, खाऊन बघा! सूर्यास्ताला पोर्तारा, म्हणजे अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट. गर्दी होते, अर्धा तास आधी पोचा. अंगावर विंडचीटर हवाच.