मेल सर्व्हरशी आधी हातानं बोला

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका छोट्या कंपनीचा मेल सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. भाड्याच्या लिनक्स मशीनवर पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम टाकला, स्वतःला एक मेल पाठवला, तो आला. झालं काम, असं वाटलं. आठवड्याभरात अकाउंट्समधल्या ताई आल्या: "अहो, बिलं गिऱ्हाइकांना मिळतच नाहीयेत." लॉगमध्ये तर प्रत्येक ओळीत 'सेंट' दिसत होतं! त्याचा अर्थ समोरच्या सर्व्हरनं मेल घेतला, एवढाच. पुढे त्यानं तो स्पॅममध्ये टाकला होता.

तेव्हा आमच्या सीनियरनी जे करायला लावलं, तेच मी नवीन मुलांना सांगतो. आपल्याच मशीनवर टेलनेटनं (सर्व्हरशी टाइप करून बोलायचा साधा प्रोग्रॅम) पोर्ट २५, म्हणजे मेलचं दार, उघडा (घरच्या ब्रॉडबँडवरून बाहेरचं २५ बहुतेकदा बंद असतं). 'एहलो' (नमस्कार) टाइप करा, मग 'मेल फ्रॉम' (पाठवणारा), 'आरसीपीटी टू' (घेणारा), 'डेटा', मजकूर आणि शेवटी ओळीवर एकटं टिंब. मजकुराच्या ओळी सोडल्या तर प्रत्येक ओळीला सर्व्हरकडून आकडा येतो. २५० म्हणजे ठीक. ४ नं सुरू झाला तर 'आत्ता नाही, नंतर या'. पोस्टफिक्स असा मेल रांगेत ठेवून साधारण ५ दिवस प्रयत्न करत राहतं. ५ नं सुरू झाला तर नकार.

आता 'मेल फ्रॉम'मध्ये कुणाचाही पत्ता लिहून बघा. चालतो! १९८२ च्या एसएमटीपीत, म्हणजे मेल पाठवायच्या या भाषेत, पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोयच नव्हती. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढची लांबलचक नावं पाठ करावी लागत नाहीत. आमच्या डोमेनचे मेल कोणत्या आयपीवरून (मशीनच्या आकडी पत्त्यावरून) निघतील, हे एसपीएफची नोंद सांगते. डीकेआयएम मेलवर सही करतं. आणि वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पत्त्याशी यांतलं एक तरी जुळतं का, ते डीमार्क बघतं.

आमच्याकडे एसपीएफ नव्हतंच, शिवाय आयपीचं उलटं नाव (आयपीवरून शोधलं की मिळणारं), म्हणजे पीटीआर, होस्टिंगवाल्यानं दिलेलं कसलंतरी आकड्यांचं होतं. ते मी दोन दिवस आमच्याच डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींत, शोधत बसलो. पीटीआर आयपीच्या मालकाकडे असतो. होस्टिंगच्या पॅनेलमधून किंवा तिकीट टाकूनच बदलतो.

माणसांच्या मेल-ॲपसाठी ५८७ वर पासवर्डसकट वेगळी वाट ठेवा, २५ सर्व्हरा-सर्व्हरांतलं. पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये (ज्यांना पासवर्डशिवाय मेल पाठवू द्यायचे त्या आयपींची यादी) अख्खं जग कधीही घालू नका. तसा उघडा रिले, म्हणजे कुणाचाही मेल पुढे पाठवणारा सर्व्हर, स्पॅमवाल्यांना लगेच सापडतो आणि तुमचा आयपी काळ्या यादीत जातो. डीमार्क सुरुवातीला 'नन'वरच (कारवाई नको, फक्त रिपोर्ट) असू द्या. येणारे रिपोर्ट काही आठवडे वाचा. आमच्या रिपोर्टांत वेबसाइटचा कॉन्टॅक्ट फॉर्म सापडला, तो भलत्याच सर्व्हरवरून मेल पाठवत होता.